तुझ्या खाचरातलं घर

आई,

तुझं खाचर अजून पाणी सोडत नाही. हे तुला समोर बसून सांगितलं असतं तर तू पदरानं तोंड पुसून हसली असतीस आणि म्हणाली असतीस, "मग? सोडंल कशाला?" मला मात्र हसू येत नाही, कारण त्या खाचरात आता भात नाही, घर आहे. तुझ्या नातवानं, माझ्या पोरानं बांधलेलं, स्लॅबचं, पुढं पायऱ्या आणि मागं न्हाणी-संडास एकत्र. तू गेलीस तेव्हा हा नातू रांगत होता, आता त्याच्या कानशिलावर पांढरे केस दिसतात. एवढी वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत मी तुला कधी काही लिहिलं नाही. तुला अक्षर येत नव्हतं, आणि मला जे काही येतं ते चौथीनंतर भोरच्या भातगिरणीत पोत्यांवरचे छाप आणि पुड्यांचे कागद वाचून आलेलं. पण आज पाऊस असा लागलाय की दाराबाहेर पाय काढवत नाही, आणि घरात जिच्याशी बोलावं तिच्याशी ह्या विषयावर बोलायची आता सोय उरली नाही.

तुझी सून गेल्या थंडीत अंगणात पडली. खाली शेवाळ नव्हतं, काही नव्हतं, कोंबडीला हुसकायला वळली आणि बसल्यासारखी खाली आली. खुब्याचं हाड मोडलं. पुण्याला नेऊन ऑपरेशन केलं, आत लोखंड घातलं, आणि आता ती चार पायांची हलकी घोडी हातात धरून, ती पुढं ठेवत ठेवत चालते. उकिडवं बसायची तिला कायमची बंदी आहे. म्हणून नातवानं घरात कमोड बसवून घेतला. म्हणजे खुर्चीवर बसल्यासारखं बसायचं, तू असा कधी पाहिला नाहीस. "हितं बसून मी राणीसारखी दिसत आसंन," ती पहिल्या दिवशी आतूनच ओरडली. दुखण्यातही एखादा शब्द टाकल्याशिवाय ती राहत नाही, तुला माहीतच आहे. तर हा कमोड म्हणजे तिचं सगळं. ओढ्याकडं ती जाऊ शकत नाही, वरच्या आळीची चढण तिला चढवत नाही, आणि चढवली तरी थोरल्या भावाकडचा संडास उकिडवं बसायचा. आणि आषाढ लागल्यापासून कमोड चालत नाही.

चालत नाही म्हणजे काय, तेही तुला सांगायला पाहिजे. ह्या संडासाला खाली एक बांधीव टाकी असते, सगळे तिला सेफ्टी टाकी म्हणतात. घाण टाकीत खाली बसते, वरचं पाणी नळीतून शेजारच्या शोषखड्ड्यात जातं, आणि खड्ड्यातून ते मातीनं प्यायचं असतं. सगळा डाव शेवटी मातीवर. माती प्यायली नाही तर खड्डा भरतो, खड्डा भरला की टाकी भरते, आणि टाकी भरली की जे खाली गेलं ते वर बघायला लागतं. पावसाचा जोर वाढला की आधी कमोड आतून बोलतो. गुड गुड करतो, हुक्का ओढल्यासारखा. मग मोरीच्या जाळीतून काळपट पाणी वर येतं आणि वास घरभर. पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा तुझी सून पलंगावरून तुझी आठवण काढून म्हणाली, "आवं, आत्याबाई बोलावत्यात. त्यांच्या खाचरात बसल्यावर त्या गप ऱ्हात्यात व्हय!" आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. दुसऱ्यांदा आवाज आला तेव्हा कुणी हसलं नाही.

तू विचारशील, खाचरात घर बांधायची बुद्धी कुणाची? सगळ्यांचीच. वाटणीत वरच्या आळीतलं घर थोरल्याकडं गेलं, ते बरोबरच झालं, त्याची माणसं जास्त. माझ्या वाट्याला रस्त्याकडची खाचरं आली, खालचं आणि त्याच्या वरचं. मार्गासनीकडून येणारा रस्ता आता डांबरी झालाय. नातू म्हणाला, "तात्या, रस्त्याला लागून जागा आहे, गाडी दारात येईल. उद्या आईला दवाखान्यात न्यायचं झालं तर झोळी करून नेणार आहात का?" आणि त्याचं खरंच झालं, ती पडली तेव्हा गाडी दारात आली. वैशाखात भराव टाकला, जोतं घेतलं. मागं टाकीचा खड्डा खणला तेव्हा खाचर कसं होतं ते मला अजून दिसतं. सगळं भेगाळलेलं, एकेका भेगेत मनगट जाईल असं. भोरकडचा गवंडी होता, हुशार माणूस, कामात कुठं कसर नाही. त्यानं शोषखड्ड्यात बादलीभर पाणी ओतलं. बघता बघता पाणी गायब. "बघा तात्या, कसं पिऊन टाकलं! घटाघटा! कितीबी माणसं येऊ द्या घरात." मी मान डोलवली. नातवानं मोबाईलवर फोटो काढला. वैशाखातलं खाचर पाणी पितंच की, आई. ते तहानलेलं असतं. पण आषाढात तीच माती फुगते, भेगा मिटतात, आणि मग ती थेंब घेत नाही. हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? तिच्यातच मोठा झालो. पण त्या दिवशी आम्ही सगळे घराकडं बघत होतो, खाचराकडं कुणीच बघत नव्हतं. पहिला पावसाळा टाकी नुसती भरण्यातच गेला, काही कळलं नाही. कळलं ते आता.

आणि ती माती तशी झाली कशी, हेही मी पाहिलेलं आहे. चिखलणीचे ते दिवस. बाप बैलांमागं गुडघ्याएवढ्या चिखलात, पुढं आऊत, मागं फळी, आणि तू इरलं पाठीवर घेऊन कडेकडेनं, जिथं आऊत पोचत नाही तिथं पायानं चिखल तुडवतेयस. दरसाल तेच. माती लोण्यासारखी झाली पाहिजे, बोटांतून निसटली पाहिजे, तेव्हा कुठं तळ बसतो आणि पाणी उभं राहतं. तुझ्याआधी आजीनं तुडवली, तिच्याआधी आणखी कुणी. इतक्या पायांनी तिला एकच गोष्ट शिकवली, पाणी धरायचं. लावणी झाली की तू रोज सकाळी बांधावरून फेरी मारायचीस. चालता चालता मध्येच थांबून पाण्याकडं बघायचीस. मला ते पाणी नुसतं पाणी दिसायचं, तुला त्यात कुठंतरी बारीक भोवरा दिसायचा. तिथं खेकड्याचं बीळ. लगेच खाली उतरून गवताचा बोळा आणि चिखल कोंबून टाचेनं दाबायचीस. मी एकदा त्याच बांधावरून उड्या मारत गेलो आणि आलो, आणि तू मागून येऊन पाहतेस तर बिळातून पाणी खळखळ खालच्या अंगाला चाललेलं. तू माझा कान असा धरलास की अजून आठवला तर हात तिकडं जातो. "डोळं हायेत का बटणं? पाणी चाललंय आन् हा उड्या मारतोय! पाणी सोडायचं न्हाई. आपली माती पाणी सोडत न्हाई म्हणून आपण हितं हाओत." मग मलाच चिखलात उतरवून टाचेनं बीळ बुजवून घेतलंस. परवा मी शोषखड्ड्याच्या कडेला उभा होतो, खड्डा काठोकाठ, आणि माझ्या मनात आलं की एखादा खेकडा यावा. एकच. कुठूनतरी पोखरत यावा.

आता खरं दुखणं सांगतो. तुझी सून पाणी पीत नाही. भोरच्या डॉक्टरीणबाईंनी तिला बजावून सांगितलंय, लघवीला जळजळ होतेय, मूत्रपिंडाला सूज येईल, भरपूर पाणी प्या, दिवसभर पीत राहा. ती समोर मान हलवते. घरी आली की तांब्या उशाला भरून ठेवते आणि त्यातलं पाणी हलत नाही. तो तांब्या तुझाच. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला तू तिला दिला होतास, घासूनपुसून, आणि सगळ्यांदेखत म्हणाली होतीस, "ह्यो तुजा. ह्यात दुसऱ्या कुणी प्यायचं न्हाई." सासरी आलेल्या पोरीला स्वतःचं पाणी असावं, हे तुला सुचलं. तोच तांब्या मी सकाळी उचलून बघतो तर जड. दुपारी उचलतो, तसाच जड. "पी गं थोडं," म्हटलं की म्हणते, "आत्ताच प्याले की." तांब्या खोटं बोलत नाही, पण तिला काय म्हणू?

नातवानं पुण्याहून एक खुर्ची धाडली, मध्ये भोक आणि खाली डबा. पलंगाजवळच ठेवायची, झालं की डबा उचलून वरच्या मुरमाड माळावर खड्ड्यात टाकून यायचा. मला त्यात काही वाटत नाही. तिनं मला कमी उचललंय? टायफॉइडात मी पडलो होतो तेव्हा माझं सगळं तिनंच काढलं. मी तेच म्हटलं. ती तोंड भिंतीकडं करून म्हणाली, "तेव्हाचं येगळं. तुमी माजा डबा उचलायचा? मी मेल्यावर काय उचलायचं ते उचला." अगदीच नाइलाज झाला की त्या खुर्चीवर बसते, आणि डबा मी नेताना डोळे मिटून घेते, झोपल्यासारखी. तेवढ्यासाठी खाणं तोडलंय. सकाळी चहा अर्धा कप. दुपारी भात चिमणीएवढा. संध्याकाळी भाकरीचा अर्धा तुकडा टोपल्यात परत. विचारलं तर म्हणते, भूक न्हाई.

हे शब्द मी कुठं ऐकले होते ते मला बरेच दिवस आठवेना. मग एकदा पीठ मळताना आठवलं. आता भाकऱ्या मीच करतो, वाकड्यातिकड्या, तुझी सून त्यांना नकाशे म्हणते. चुलीपुढं तू बसलेली आहेस, बाहेर पाऊस धो धो, आणि तुझ्या ताटात नाचणीची अर्धी भाकरी. उरलेली अर्धी माझ्याकडं सरकवतेस. "खा. मला भूक न्हाई." उन्हाळ्यात तू भाकरी चांगली दीड खायचीस, मिरचीच्या ठेच्याबरोबर, मांडी घालून, मजेत. पावसाळ्यात मात्र संध्याकाळची तुझी भूक मरायची. मला वाटायचं पावसानं मरत असेल. मी आनंदानं तुझी अर्धी खायचो. अंधार, चिखल, साप-किरडू, ओढ्याला पाणी, आणि आडोशाचं झाड वरच्या वळणावर, हे सगळं टाळण्यासाठी तू संध्याकाळची भाकरी अर्धी करत होतीस, हे मला तू गेल्यावरही फार उशिरा उमगलं. घरात संडास आला तेव्हा माझ्या मनात आलं होतं, बरं झालं, आता ह्या घरात बाईमाणसाला अर्धी भाकरी टाकायला लागणार नाही. कुणाला बोललो नाही. तुला सांगतो.

करायचं ते सगळं करून झालं. उपसायची गाडी बोलावली, ती जरा उघडीप होती त्या दिवशी आली. रस्त्यावरून दाराकडं वळली आणि मागचं चाक भरावाच्या कडेला असं रुतलं की थोरल्याच्या पोरांनी ट्रॅक्टर आणून ओढली. ड्रायव्हर खाली उतरून आपल्या बुटांकडं बघत म्हणाला, "काय ओ तात्या ही माती, बूटबी द्यायला तयार न्हाई!" रस्त्यावरूनच लांब पाइप टाकून त्यानं टाकी उपसली. त्या दिवशी तुझी सून कमोडवर जाऊन आली, अंघोळ केली, केस विंचरले, आणि दोन तांबे पाणी प्यायली. माझ्यादेखत. दुसऱ्या दिवशी झड लागली आणि चहूकडचं पाणी जमिनीतूनच टाकीत उतरलं. पुन्हा गुड गुड. गवंड्याला फोन केला. तो बिचारा आला, छत्री धरून खड्ड्याकडं बघत राहिला. म्हणाला, "तात्या, आता कुदळ मारली की खड्डा पाण्यानं भरतोय. दिवाळी झाली, माती वाळली, की वर मुरमात खड्डा घेऊ, मोटर लावून पाणी वर चढवू. तवर..." एवढं म्हणून चहा न घेताच गेला. नातू रोज फोन करतो. "आई, पुण्याला ये ना. गाडी घेऊन येतो, लिफ्ट आहे, सगळं आहे." ती म्हणते, "यीन की. पाऊस जरा सरू दे." फोन ठेवला की मला म्हणते, "ऑपरेशनच्या वक्ताला आपल्या सुनेनं माझं सगळं केलं. कधी तोंड वाकडं केलं न्हाई. पण मला तिच्या डोळ्यांकडं बघवत नव्हतं. पुन्यांदा न्हाई जायाची मी." नातवाला हे मी सांगू शकत नाही. तो तिकडं तळमळतो, ती इकडं, आणि मी मध्ये फोन धरून उभा.

मग मी एक केलं. घरामागचं वरचं खाचर अजून आपण लावतो. लावणी नुकतीच झालीय, इंद्रायणी लावलाय, पाणी उभं आहे. माझ्या मनानं घेतलं की तेच पाणी खाली झिरपून आपल्या खड्ड्याला दाबून धरतंय. बरोबर का चूक कुणाला विचारणार? सकाळी खोरं घेतलं आणि बांधावर गेलो. तुझ्या हातचा बांध, जिथं माझा कान धरला होतास तीच जागा, तिथून पाणी रस्त्याच्या गटाराकडं नेता येतं. तुझी सून खिडकीच्या गजाला धरून ओरडायला लागली, "आवं, काय करताय? भाताचं पाणी सोडताय? येड लागलं का? रोपं उघडी पडतील!" मी तिच्याकडं बघितलं नाही. खोरं मारलं. पहिल्या घावाला माती निघेना, चिकटून बसली, खोऱ्यालाच ओढायला लागली. जन्मभर जे करू नको म्हणून सांगितलंस ते करायला अंगात बळ वेगळंच लागतं. मग एकदम पाणी सुटलं. खळखळ आवाज आला आणि माझा हात आपसूक कानाकडं गेला.

दुपारपर्यंत खाचर उघडं पडलं. कमोड गप्प बसला. मी तांब्या भरून तिच्यापुढं धरला, ती माझ्या चिखलाच्या हातांकडं बघत राहिली, आणि घोटभर प्यायली. "आत्याबाईंनी बघितलं आसतं तर दोघांस्नी हाकललं आसतं," म्हणाली. मला वाटलं, जमलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगराकडून असा पाऊस आला की फुटका बांध आणि धड बांध एकच झाला. वरच्या सगळ्यांच्या खाचरांचं पाणी आमच्यात उतरलं, आमच्यातून खाली, आणि जाळीतून काळं पाणी पुन्हा मोरीत. मी परत गेलो आणि बांध बुजवला. गवताचा बोळा, चिखल, टाच. हात विसरले नव्हते. निदान भात तरी जगेल. रोपं थोडी पिवळी पडलीत, बघू.

आता मी काय करू, आई? पावसाला थांब म्हणायचं तर तू कधी म्हणू दिलं नाहीस. लावणीच्या दिवसांत घरात कुणी चुकून म्हटलं तरी तू तोंडावर हात ठेवायचीस. आजूबाजूला सगळ्यांची खाचरं भरलीत, माणसं खुश आहेत, रस्त्यावरून जाताना मला हाक मारतात, "काय तात्या, औंदा पाऊस झ्याक!" मी म्हणतो, "व्हय, झ्याक." आणि आत येतो. पडवीत माशा, आत वास, ती भिंतीकडं तोंड करून पडलेली, उशाला तुझा तांब्या. आज सकाळी तिच्या कपाळाला हात लावला तर कोमट लागलं. ताप म्हणावा असा नाही. ती म्हणते पावसाचा गार हात आहे तुमचा, म्हणून लागतं. उद्या उजाडलं की भोरला नेतो, ती नाही म्हणाली तरी.

हे लिहून कुठं धाडायचं ते मला माहीत नाही, आणि दमट हवेनं कागदावर शाईही पसरलीय, तू वाचणारी असतीस तरी तुला अक्षर लागलं नसतं. घडी करून पिठाच्या डब्यामागं ठेवीन. तिथं तिचा हात आता पोचत नाही. फक्त एक राहिलं. काल संध्याकाळी जेवायला बसलो. तिनं भाकरी मोडली, अर्धी घेतली, अर्धी टोपल्यात टाकली. मला कसलीच अडचण नाही, मी छत्री घेऊन माळावर जाऊन येतो. तरी मीही माझी मोडली आणि अर्धी परत टाकली. टोपल्यात दोन अर्ध्या मिळून एक सगळी भाकरी झाली, कुणीच न खाल्लेली. "का वो? तुमची ऱ्हायली की," ती म्हणाली. मी म्हटलं, भूक न्हाई.

होती, आई.